डावे मडगार्ड उघडेच राहिले

छापील पानावर आपले नाव घालण्याचे धाडस मी आजवर केलेले नाही. या वयात, आणि तेही नुकत्याच गेलेल्या भावाशी बोलण्याचे निमित्त करून, ते करावे की नाही याबद्दल मी अजूनही साशंक आहे. ज्यांना हा आगाऊपणा वाटेल त्यांनी मला क्षमा करावी. मुलींना रसायनशास्त्र शिकवणे एवढेच मला येते. आणि दादा, तुझ्या मते तेही मला येत नव्हते. तू असतास तर हा कागद माझ्यापुढून ओढून घेतला असतास, त्याने मोटारीचा एखादा प्लग पुसला असतास आणि म्हणाला असतास, "बघ, आता कुठे उपयोगी पडला."

लोक सांत्वनाला येतात. तुझ्याविषयी गोड बोलतात. "फार मायाळू माणूस," असे कोणी म्हणाले की मी चहा टाकण्याच्या निमित्ताने आत जाते. तू मायाळू नव्हतास. वडील गेल्यावर शाळा सोडून तू दुसऱ्यांच्या मोटारी पुसल्यास आणि त्या पैशांतून मला बी.एस्सी. केलेस, हे खरे आहे. त्या उपकाराचा एकही घास तू मला टोमण्याशिवाय गिळू दिला नाहीस, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या, आणि त्यांतली एक लपवून दुसरी सांगणे मला जमणार नाही.

रे रोडच्या भंगारवाल्यांकडून ती उघड्या टपाची जुनी गाडी बैलगाडीमागे बांधून तू लालबागच्या गॅरेजात आणलीस, तेव्हा वहिनी दारातच उभ्या राहिल्या होत्या. "अहो, ही मोटार आहे की कोंबड्यांचं खुराडं?" त्यांनी विचारले होते. गाडीचा तळ जागोजागी खाल्लेला होता. मडगार्डावर बोट दाबले की पत्र्याचे पापुद्रे पडत होते. तू मात्र तिच्याभोवती फिरत होतास, तो चेहरा मी तुझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

"हीच ती," तू म्हणालास. "गिरणीच्या साहेबाची. नंबर बदललाय, पण मी ओळखली. हिच्या दाराला खाली एक पोचा आहे, तो माझ्या बादलीचा."

मग तू आम्हांला ते सांगितलेस, जे इतक्या वर्षांत कधी सांगितले नव्हतेस. तू त्या गाडीचा क्लीनर होतास. रोज सकाळी ती पुसायचास. एकदा साहेब वर गेलेला पाहून तू स्टेअरिंगच्या मागे जाऊन बसलास. साहेबाने खिडकीतून पाहिले. तो ओरडला नाही, त्याने तुला मारलेही नाही. त्याने फक्त बादली आणि साबण पाठवला आणि तू बसला होतास ती गादी सगळ्या नोकरांसमोर तुझ्याकडूनच धुवून घेतली. एकदा नव्हे, ती वाळली की पुन्हा.

मुंबई मराठी राज्यात यावी म्हणून निघालेल्या मोर्चांवरच्या गोळीबाराला तेव्हा फार दिवस झालेले नव्हते. आपल्याच चाळीत एका घरात जेवायला वाढलेले ताट माणूस परत न आल्यामुळे झाकूनच राहिले होते. तू गाडीच्या गंजलेल्या बॉनेटवर हात ठेवून म्हणालास, "ज्या दिवशी मुंबई आपली होईल, त्या दिवशी हिच्या स्टेअरिंगवर मी बसणार. लालबाग ते दादर. मग बघू गादी कोण धुतो ते." वहिनी हसल्या. मी हसले नाही, कारण तू थट्टा करतोस तेव्हा तुझी डावी भुवई वर जाते, आणि ती गेलेली नव्हती.

जुनी गाडी नवी करणे म्हणजे वरचा चकचकीत रंग, असे मला वाटत असे. तू माझा तो समज मोडून काढलास. गंजावरच रंग मारणाऱ्या गॅरेजवाल्यांना तू 'गळवावर पावडर फासणारे' म्हणत असस. आधी जुना रंग खरवडायचा, मग तारेच्या ब्रशने गंज काढायचा, पत्रा आरशासारखा उघडा झाला की त्याच दिवशी त्यावर शेंदराचा पहिला हात द्यायचा. रात्रभर उघडा राहिला तर आपल्या खाऱ्या हवेत सकाळी त्याच्यावर गंजाची हळद आलेली असते. जवसाच्या तेलात कालवलेला तो शेंदूर गोदीत जहाजांच्या तळाला लावतात. तो सावकाश वाळतो. पुरता वाळल्याशिवाय दुसरा हात द्यायचा नाही. त्यानंतर खड्डे बुजवणारी लांबी, त्यानंतर घासणे, आणि मग कुठे रंग. "वरचा रंग लोकांसाठी," तू म्हणायचास, "खालचा गाडीसाठी."

हे सारे गोदीतल्या कुठल्याही रंगाऱ्याने मान्य केले असते. एक गोष्ट सोडून. तू ब्रश वापरत नव्हतास.

आपल्या गावी मारुतीला शेंदूर लावण्याचा मान आपल्या घराकडे. आजोबा लावत, वडील सुट्टीत गावी गेले की लावत, आणि लहानपणी तू लावलेला मी पाहिला आहे: तेलात भिजवलेला शेंदूर तळव्यावर घ्यायचा आणि देवाच्या अंगावर हाताने चोपडायचा. त्याला ब्रश लावणे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. तू गाडीलाही तसाच लावलास. तळव्याने पत्र्यावर, अंगठ्याने कडेवर, करंगळीच्या नखाने रिबिटांच्या भोवती. "ब्रश वरून जातो गो," तू म्हणायचास. "सांध्यात शिरायला बोट लागतं." आणि तेच हात चड्डीला पुसून तू पाव खायचास, तंबाखू मळायचास, विडी ओढायचास.

मी तुला पहिल्यांदा सांगितले ती सकाळ मला शब्दाशब्दाने आठवते. शाळेत जाण्यासाठी पांढरे पातळ नेसून मी गॅरेजच्या दारात उभी होते. आत तुझी नेहमीची मंडळी बसलेली होती. पुरुषांसमोर बोलताना माझा आवाज खाली जातो. तसा तो गेलाच.

"दादा, हा शेंदूर म्हणजे शिसं आहे. हातातून तोंडात जातं. विष आहे ते."

"कोण म्हणतं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकाच्या बापसानं कधी देवाला शेंदूर लावलाय काय?" तू मंडळींकडे वळलास. "ऐका रे, आमची मास्तरीण काय म्हणते. देवाच्या अंगावरचं विष! आज्यानं लावला, बापसानं लावला, मी लावला. मग मारुती कसा मेला नाय गो?"

सगळे हसले. मी काही बोलायच्या आत तू उठलास आणि तुझा भरलेला तळवा माझ्या पाठीवर, खांद्याच्या खाली, नीट दाबून उमटवलास. "जा. पोरींना दाखव. म्हणावं, हे बघा विष. आणि एक लक्षात ठेव, तुला शिकवलं ते मला शिकवायला नव्हे."

घरी परतून पातळ बदलायला वेळ नव्हता. मी तशीच गिरगावला गेले. फळ्याकडे वळले की मागे खसखस पिकायची. शेवटी एका धीट मुलीने विचारलेच, "बाई, तुम्हांला मारुती पावला काय?" त्या दिवशी मी सबंध तास मुलींकडे पाठ न करता शिकवला. समीकरणे तोंडी सांगितली. त्यांत शिशाचे एकही नव्हते.

यानंतर हरताळांचे, मोर्चांचे आणि संचारबंदीचे दिवस आले. रस्त्यावर दगड आणि लाठ्या असताना गॅरेज उघडे ठेवणे शक्य नव्हते. तू दाराच्या फळ्या आतून लावून घेतल्यास आणि काम चालू ठेवलेस. त्या कोंदट अंधारात, कंदिलाच्या उजेडात तू गाडीचा जुना रंग कोरडाच खरवडत असस. त्या रंगाखालीही कोणा जुन्या कारागिराने लावलेला शेंदूरच होता. तू जेवायला यायचास तेव्हा तुझ्या पापण्या केशरी असायच्या. वहिनी ताट पुढे करताना म्हणायच्या, "आधी तोंड धुवा, मग मुंबई घ्या." तू तोंड धुवायचास, पण जे आत गेले होते ते धुतले जाणारे नव्हते.

एका दुपारी तू म्हणालास, "हल्ली तोंड सारखं गोड लागतं. पाणी प्यालो तरी गोड." वहिनींना वाटले, पोट बिघडले. तू वाटी खाली ठेवून हसलास. "अगो, तोंड आधीच गोड झालंय. म्हणजे मुंबई मिळालीच समज." त्या घरात शिशाची चव गोडसर असते हे माहीत असलेली मी एकटीच होते, आणि तुझा विनोद इतका चांगला होता की वहिनींबरोबर मलाही हसू आले.

मग पोटात कळा सुरू झाल्या. तू टॉवेलचा बोळा दातांत धरून जमिनीवर गडबडा लोळायचास, आणि कळ उतरली की एरंडेल घेऊन गॅरेजात जायचास. मी गिरगावातून रबरी हातमोजे आणले. तू ते वहिनींच्या हातून घेतलेस, दोन्हींत हवा भरलीस, तोंडे दोऱ्याने बांधलीस आणि लिंबू-मिरचीसारखे गॅरेजच्या दारावर टांगलेस. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचास, "ते मास्तरणीचे हात. कामाला येत नाहीत, नजर काढायला ठेवलेत." ते हातमोजे उन्हाने चिकटून काळे होईपर्यंत तिथे लोंबत होते, आणि शाळेला जाता-येता मला त्यांच्याखालून जावे लागत होते.

गाडी मात्र सुंदर होत होती. हे मी नाकारले तर खोटे बोलले असे होईल. जिथे ब्रश कधी पोचला नसता अशा प्रत्येक सांध्यात तुझे बोट पोचले होते. तळाला हात लावला की तो अखंड आणि घट्ट लागत असे. पहिला हात, दुसरा हात. तू घाई केली नाहीस. बॉनेट झाले, दोन्ही दारे झाली, मागची बाजू झाली, उजवे मडगार्ड झाले. डाव्या मडगार्डाचा गंज काढून ते तू आरशासारखे उघडे केलेस, आणि त्याच दिवशी चहाचा कप तुझ्या हातातून पडला.

तू कपाकडे पाहिलेस. मग हाताकडे. मनगट उचलायचा प्रयत्न केलास आणि पंजा खालीच लोंबत राहिला.

परळच्या मोठ्या इस्पितळातला डॉक्टर तुझ्या निम्म्या वयाचा होता. त्याने तुला दोन्ही हात पुढे धरायला सांगितले. दोन्ही पंजे मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखे खाली पडले. त्याने तुझा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. दातांच्या कडेने निळी-काळी रेघ होती. "छापखान्यात शिशाचे खिळे जुळवता का?" त्याने विचारले.

"नाय," तू म्हणालास. "देवळात असतो. पुजारी आहे."

"गॅरेज आहे यांचं," मी म्हणाले. "शेंदूर लावतात. हाताने."

"हाताने?" डॉक्टरने माझ्याकडे पाहिले, तुझ्याकडे नाही. "घरात कोणी शिकलेलं नाही का?"

तू इतक्या जोराने हसलास की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा जागा झाला. "आहे की! ही काय उभी आहे. बी.एस्सी." दादा, त्या हसण्याबद्दल मी तुला अजून क्षमा केलेली नाही.

डॉक्टरने शेंदूर बंद केला. बंद करायला उरले काय होते? तुझे हात गेलेच होते. आणि तरीही ते मडगार्ड तू दुसऱ्या कोणाला करू दिले नाहीस. तुझ्या हाताखाली तयार झालेल्या माणसांनी विनवण्या केल्या. "ब्रशाच्या रेघा पडतील," एवढेच तू म्हणायचास. उघडा पत्रा गंजू नये म्हणून वहिनींना रोज सकाळी त्याला तेल पुसायला लावायचास, आणि स्टुलावर बसून शिव्या घालायचास: "कडेला! कडेला पूस! मान काय फक्त तोंडाला असतो?" महिनोन्‌महिने वहिनींनी आधी त्या मडगार्डाला तेल लावले आणि मग देवापुढे निरांजन.

आणि मग मुंबईसकट आपले राज्य झाले. लालबागचा रस्ता माणसांनी आणि गुलालाने भरून वाहत होता. तू सकाळपासून नवा सदरा घालून बसला होतास. त्याची बटणे वहिनींनी लावली होती. तुला चौघांनी उचलून स्टेअरिंगमागे बसवले. इंजिन चालू होत होते, पण तू ते चालू करू दिले नाहीस, कारण मग दुसऱ्या कोणाला स्टेअरिंग धरावे लागले असते. "ढकला," तू म्हणालास. "आणि मला बांधा."

वहिनींनी मान फिरवली. म्हणून वहिनींच्या जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन तुझी मनगटे मी स्टेअरिंगला बांधली. घट्ट बांधली. आजवर माझ्या एकाही शब्दाचे न ऐकलेले ते हात मी सांगेन तिथे राहत होते, आणि गाठ मारताना मला बरे वाटले.

"दादा, ब्रेक कोण मारणार?" मागून कोणी तरी ओरडले.

"हात गेलेत रे, पाय नाय गेले! ढकल मुकाट्यानं!"

"मुंबई मिळाली, पण डायव्हर लुळा!" गर्दीतून दुसरा आवाज आला, आणि रस्त्याचा तेवढा तुकडा खदाखदा हसला. तू सर्वांत मोठ्याने हसलास. लोकांनी तुझ्यावर गुलाल उधळला. कोणी भाबड्या बाईने चाकापुढे नारळ फोडला आणि गाडीत बसलेल्या, हात न हलवणाऱ्या, लालभडक झालेल्या तुला हात जोडले. हिंदमातापाशी तू मला जवळ बोलावलेस. मला वाटले, आता तरी काही बोलशील. "पाठ खाजते," तू म्हणालास. "खाजव." मी ढकलत नेलेल्या गाडीबरोबर चालत तुझी पाठ खाजवली. तुझी गादी ओली होती. घाम होता की आणखी काही, हे मी पाहिले नाही. गॅरेजात परत आल्यावर ती मी धुतली, दार लावून, कोणाला दिसणार नाही अशी.

त्यानंतर फार दिवस नव्हते. झटके येऊ लागले. शेवटी तू मला ओळखत नव्हतास. वहिनींना 'साहेब' म्हणत होतास आणि त्यांच्याकडे बादली मागत होतास. इतका क्रूर विनोद तूही कधी केला नव्हतास.

तुझ्या तोंडात तुळशीपत्र ठेवायला मला सांगितले गेले. ओठ दूर केला तेव्हा ती रेघ दिसली, पूर्वीपेक्षा गडद. वर्गात मी मुलींना सांगते की शरीरात गेलेले शिसे हाडांत जाऊन बसते आणि सहजासहजी बाहेर येत नाही. ती रेघ तुझ्याबरोबर चितेवर गेली. गाडीवर मात्र त्या दिवशी गंजाचा एकही डाग नव्हता.

मारुती कसा मेला नाही, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी त्याच सकाळी होते, दादा. मंडळी हसत होती म्हणून ते ऐकू गेले नसते. मारुती दगडाचा आहे. तो शेंदूर लावलेल्या हाताने पाव खात नाही, विडी ओढत नाही, फळ्या लावून धूळ श्वासात घेत नाही. त्याला बहीणही नाही. एवढेच उत्तर होते. आता ते कितीही मोठ्याने म्हणता येते.

पाठीवर पंजा उमटलेले ते पातळ माझ्या ट्रंकेत आहे. घासलेट, साबण, सोडा, सगळे करून पाहिले होते. जवसाच्या तेलातला शेंदूर कापडातून जात नाही, हे तू मला आधीच सांगू शकला असतास. परवा ते काढून पाहिले. पाचही बोटे ताठ आहेत. आधी तिरस्काराने घडी घातली होती. या वेळी ती घालताना मध्ये मऊ कागद घातला.

सुतक होते तेव्हा वहिनींनी अंगाला तेल लावले नाही, केसांना लावले नाही, आणि मडगार्डालाही लावले नाही. "सुतकात तेल कसं लावू, वन्सं?" त्या म्हणाल्या. तेराव्यानंतर आम्ही दोघी गॅरेजात गेलो. डाव्या मडगार्डाच्या कडेला, वहिनींना तू जिथे पुसायला लावायचास नेमक्या तिथेच, गंजाचा पिवळसर तांबूस बुरा आलेला होता. वहिनींनी तो पदराने पुसला. तो गेला नाही. मग त्यांनी बाकाखालून शेंदराचा डबा आणि जवसाच्या तेलाची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली.

"तुम्हीच लावा. त्यांच्या रक्ताचा हात आहे तुमचा. ब्रशाने नको, त्यांना आवडायचं नाही. हातमोजे घाला हवं तर, मी कोणाला सांगणार नाही."

मी डब्याला हात लावला नाही. खरे सांगायचे तर तो बुरा पाहून मला समाधान वाटले. ज्या लोखंडाने माझ्या भावाला खाल्ले, त्याला निदान एका कोपऱ्यात कोणी तरी खाते आहे. रोज शाळेतून येताना मी वळसा घालून गॅरेजात जाते आणि तो किती पसरला ते पाहते. वहिनी रोज सकाळी त्याला पुन्हा तेल पुसतात. माझ्याशी त्या बोलत नाहीत, आणि डबा तिथेच आहे. पाऊस तोंडावर आला आहे, त्या शेडचे छप्पर गळते, आणि एकदा पत्र्याला भोक पडले की मग कोणाचाही हात उपयोगी पडणार नाही.

वाचकहो, ते मडगार्ड मी रंगवू, की गंजू देऊ?